ज्या तलावात मी म्हशींमागे चालले

मला पाण्याकाठी नुसतं बसून राहायला आवडतं. पोहता येत नाही, मासे धरता येत नाहीत, पण तलाव दिसला की मी वाट सोडून काठाशी बसते. त्यामुळे कुंदाचं पत्र आलं तेव्हा फार विचार केला नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पुण्यात एका बँकेत कारकून होते. कुंदा नागपूरच्या वसतिगृहातली माझी मैत्रीण, तिचं गाव वर्धा जिल्ह्यात, अल्लीपूरच्याही पुढे. ‘उन्हाळाभर अख्ख्या गावानं मिळून तलावातला गाळ काढला,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘आमच्या आजोबांच्या वेळेपासून तो बुजत चालला होता. आता भरेल. पाहायला ये.’ साहेबांना मी मावसबहिणीचं लग्न सांगितलं. आषाढात कुणाचं लग्न असतं, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, पण रजा मिळाली.

नागपूरकडे जाणाऱ्या गाडीनं सकाळी वर्ध्याला उतरले. स्टेशनवरून एसटी स्टँड, तिथून अल्लीपूरची लाल गाडी. तिकीट किरकोळ, धक्के भरपूर. जाणार असाल तर उजव्या बाजूच्या खिडकीशी बसा, उन्हं लागत नाहीत. अल्लीपूरच्या स्टँडवर गरम आलूबोंडा आणि चहा घेतला, आणि तो आलूबोंडा मी अजून विसरलेले नाही. कुंदा बंडी घेऊन आली होती. बैलगाडीला तिकडे बंडी म्हणतात. पावसानं उघडीप दिली होती तरी काळी माती चाकांना धरून बसत होती. दोन्हीकडे वीतभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची रोपं, ओळीनं उभी होती. बंडी हलत होती आणि माझे डोळे मिटत होते. तलावाबद्दल विचारलं की कुंदा बैलांकडे पाहत होती.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढले आणि खाली पाहिलं. तलाव होता, पाणी नव्हतं. मधोमध ओला चिखल, आणि त्यात गावच्या सगळ्या म्हशी गोल गोल फिरत होत्या. त्यांच्यामागे बाया, बापे, म्हातारे, सगळे तसेच गोल. ढगांतून गढूळ उजेड पडत होता, बगळे म्हशींच्या पायांपाशी चालत होते. मला वाटलं मी बंडीतच झोपले आहे आणि हे सगळं झोपेत दिसतंय.

“दोन पाऊस झाले,” कुंदा म्हणाली. “दोन्हींचं पानी दोन दोन दिवसांत मुरलं. तुले दाखवाले बोलावलं अन् हे असं.”

कारण तिच्या वडिलांनी सांगितलं. काका शांत, उंच, हाताला चिखल. “गाळ वावरात टाकाचा होता न पोरी. माती अशी काळी, लोण्यावानी, सोडवेना. तळाची पिवळी चिकनमाती लागली तं गिरजाबाई म्हने, थांबा. सगळे थांबले. मी अजून चार बंड्या नेल्या. खाली मुरूम लागला तवा समजलं.” त्यांनी चिखलातल्या एका जागेकडे बोट केलं आणि तिकडे न बघता पाळीवरून उतरले.

गिरजाबाई पाळीवरच बसली होती. साठीची, बारकी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तलावातले शिंगाडे हीच तिची शेती. ती, तिचा भाऊ आणि भावजय त्यावर जगत. शिंगाड्याचे वेल तिनं घरामागच्या डबक्यात जपून ठेवले होते. आठ-दहा दिवसांत तलावात गेले नाहीत तर ते कुजणार आणि वर्ष हातचं जाणार. म्हणून गावानं जुन्या गढीची पांढरी माती आणून काकांनी उघड्या पाडलेल्या त्या मुरमावर पसरली होती आणि म्हशींकडून ती तुडवून घेत होतं. असं तुडवलं की माती घट्ट बसते आणि पाणी खाली जात नाही.

“काऊन आली वं इतक्या दुरून?” तिनं मला विचारलं.

“तलाव पाहायला.”

“मंग बस. पाय धुवाले पानी नाई, पाहाले कुठून आनू?” असं म्हणून ती हसली, आणि मलाही हसावं लागलं.

संध्याकाळी म्हशी घरी गेल्यावर ती चिखलात उतरली. तुडवलेल्या जागेत टाच दाबून तिनं खळगा केला, तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि वर पळसाचं पान ठेवलं. सकाळी पाणी तेवढंच असलं तर माती धरली. तिच्या आईनंही असंच पाहिलं होतं म्हणे. रात्री काकूंनी भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. काकांचं लक्ष ताटात नव्हतं.

सकाळी आम्ही सगळे पाळीवर जमलो. गिरजाबाईनं पान उचललं. खळगा कोरडा होता. माणसं घाम गाळून दमली होती आणि वर ढग पुन्हा भरत चालले होते. जोराचा पाऊस आला असता तर ते पाणीही गेलं असतं.

“गढीची माती पाहुनी हाय बापा,” गिरजाबाई स्वतःशीच बोलावं तसं बोलली. “ते इथं राहत नाई. इथली व्हती तेच बसन.”

तिनं काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. काका मात्र उठले. घरी गेले, बंडी जुंपली आणि आपल्या वावराकडे निघाले. उन्हाळ्यात नेलेली पिवळी माती त्यांच्याच एका तुकड्यात पसरलेली होती आणि तिच्यावर यंदाची पऱ्हाटी डोलत होती. गावातली सगळ्यात चांगली, असं कुंदा हळूच म्हणाली. काकांनी पहिलं रोप उपटलं तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला. मग त्या टोपलं घेऊन त्यांच्या शेजारी वाकल्या. मला इतकं वाईट वाटलं की काय करावं कळेना, म्हणून मीही उपटायला लागले. दुपारपर्यंत गावातून आणखी बंड्या आल्या, कुणी न बोलावता. वरची ती पिवळी माती फावड्यानं खरवडून आम्ही तलावात आणली. तुकडा उघडा पडला.

मग मी चपला पाळीवर ठेवल्या आणि म्हशींमागे चालले. हे कुणाला जमण्यासारखं असेल तर जरूर करा. चिखल कोमट असतो, बोटांतून वर येतो, आणि म्हशीच्या चालीनं चालायचं म्हटलं की डोक्यातलं सगळं हळू होतं. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. पुढे कुंदा होती, तिच्यापुढे काका, आणि मधूनच गिरजाबाई चिखलात पाय रोवून “अजून” एवढंच म्हणत होती. दिवस कधी कलला ते कळलं नाही. संध्याकाळी तिनं पुन्हा टाच दाबली. या वेळी पाच ठिकाणी.

तिसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. उजाडताच पाळीवर गेले तर काका आधीच तिथे उभे होते, पण खाली उतरत नव्हते. गिरजाबाई आली. पहिलं पान उचललं, दुसरं, तिसरं. पाचही खळग्यांत पाणी होतं आणि पाण्यात आभाळ. तिनं पाचव्यात बोट बुडवून पाहिलं आणि काकांना म्हणाली, “घरी जाजो आता. च्या पेजो.” काका तिथेच पाळीवर बसले. मला अल्लीपूरपर्यंत पोचवायला बंडीबरोबर कुंदाच आली.

पुण्यात पोचल्यावर साहेबांनी लग्न कसं झालं विचारलं. छान झालं, मी म्हणाले. नखांत पिवळी माती होती, ती पुढे कितीतरी दिवस निघेना. काम करता करता माझं लक्ष खिडकीबाहेरच्या ढगांकडे जायचं आणि वाटायचं, हे तिकडे गेले असतील का.

महिन्याभरानं कुंदाचं पत्र आलं. पाऊस झाला होता, पाणी राहिलं होतं. वेल सोडायच्या दिवशी गिरजाबाईनं काकांना आपल्या डोंग्यात, म्हणजे लाकडाच्या छोट्या होडीत, बसवलं, मधोमध नेलं, आणि ज्या जागी त्यांनी खोदलं होतं तिथेच डोंगा थांबवून पहिला वेल त्यांच्या हातात दिला. ‘मी पाळीवरून पाहत होते,’ कुंदानं लिहिलं होतं. ‘बाबा बराच वेळ तो धरूनच बसले. गिरजाबाईनं घाई केली नाही.’

पुन्हा तिकडे जाणं झालं नाही. कुंदा लग्न होऊन दूर गेली, मी बदल्यांमागे फिरत राहिले. नंतर कितीतरी तलाव पाहिले, काठाशी बसले, डोळे भरून आले. पण तो एक मी भरलेला कधीच पाहिला नाही. कधी उगाच हिशेब करते. जिथे मी म्हशींमागे चालत होते, तिथे आता माझ्या डोक्यावरून पाणी असेल, आणि त्याच्यावर शिंगाड्याची पांढरी फुलं.