नकाशांच्या खोलीची कडी

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडते, तिथंसुद्धा ही गोष्ट तेवढी गाळते. देवीला न सांगता कळतं म्हणतात — मग मी गाळते कशाला? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस होतंय.

शिवाजी पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की आधी चेंडूला लाथ मारतं. त्याचं कौतुक मलाही होतं, नाही असं नाही. पण माझा धाकटा दीर त्या चेंडूपायी गेला. म्हणजे जिवंत आहे हो — पण गुडघा मोडून घेतला, शिक्षण सुटलं, आणि चौकात उभा राहून जुन्या मॅचा सांगण्यात जन्म गेला. त्याचं ताट मीच वाढायची. त्याच्याकडं बघायची आणि मग माझ्या संदीपकडं बघायची.

संदीप तेव्हा नववीत होता. नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. अंगानं किरकोळ, पण पायात वारं. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉलच्या मोठ्या संघानं त्याला बोलावलं — एवढं पोरगं, थोरांच्या टीममध्ये! मॅच होती आडवारी, शाळेच्या दिवशी, दुपारी. मधल्या सुट्टीत शाळेतून निसटायचं, असं बापलेकांचं ठरलं होतं. दिरानं आपले बूट दिले. मी काय बोलणार? घरात सगळे एका बाजूला आणि मी एकटी. नको म्हटलं असतं तर पोरगं जन्मभर म्हणालं असतं, आईनं आडवा पाय घातला. तो वाईटपणा मला नको होता. खरं सांगायचं तर सगळं इथंच आहे — पण थांबा, मला जरा सावकाश येऊ द्या.

त्याच्या शाळेत एक खोली होती. जुने नकाशे, मोडकी बाकं, वर भिंतीला एवढीशी जाळी. दांडगाई करणाऱ्या पोरांना तिथं एकट्याला बसवायचे, बाहेरून कडी लावून. कधी तासभर, कधी दिवसभर. सगळ्यांना माहीत होतं. आम्ही आयाच पोरांना दटावायचो, गप बस, न्हाईतर नकाशाच्या खोलीत घालायला सांगीन. हसत सांगायचो.

संदीपचे वर्गशिक्षक बिरनाळे सर. हातकणंगल्याहून रोज ये-जा करायचे. सीमेकडचे, त्यामुळं बोलण्यात कानडी हेल, आणि माझ्याएवढ्या बाईलाही अक्का म्हणायचे. मॅचच्या आदल्या दिवशी मी त्यांना शाळेच्या फाटकाशी गाठलं. म्हटलं, उद्या त्याला त्या खोलीत बसवा, संध्याकाळपर्यंत सोडू नका.

ते मागंच सरकले. “अक्का, त्या खोलीत मी आजवर कुणाला बसवलं न्हाई. पोरगं आतनं मोडतंय बगा.”

मी रडले. खरं रडू होतं की आणलेलं, आता मलाच सांगता येत नाही. दिराचा गुडघा सांगितला, आणि शेवटी पदर पसरला. ते कितीतरी वेळ चपलेनं माती उकरत राहिले. मग हो म्हणाले. आणि मी लगेच — बघा, किती हुशार बाई — त्यांच्याकडून शब्द घेतला, की माझं नाव कुठंही येता कामा नये. सापही मरावा आणि काठीही मोडू नये.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत होते. वीज गेली, पट्टा थांबला, आणि मैदानावरचा गलका ऐकू आला. गोल झाला की आमच्या पेठेत पत्रे थरथरतात. मला बरं वाटलं — माझं पोरगं त्यात नाही. आणि मग ध्यानात आलं. मैदान शाळेच्या पाठीमागंच आहे. मला एवढं ऐकू येतंय, तर त्या जाळीतून त्याला किती येत असेल? मनात आणलं असतं तर उठून जाता आलं असतं. शाळा काय परगावी होती? वीज आली. मी दळण घातलं.

संध्याकाळी संदीप आला तो आवाज बसलेला, दोन्ही तळहात सुजलेले. दार बडवून बडवून. मी हळद-तेल गरम करून लावलं. तो रडत होता, सरांना शिव्या देत होता. आणि मीही रडले, शिव्याही दिल्या. “मुडदा बसला त्या मास्तराचा,” असं म्हणाले मी. माझ्या तोंडानं. त्याच्या हाताला तेल लावता लावता.

दुसऱ्या दिवशी तालमीची माणसं शाळेत गेली, आमचे हे पुढं, मी मागं. कल्लोळ कशासाठी? पोराला कोंडलं म्हणून नव्हे, मॅचच्या दिवशी कोंडलं म्हणून. बाकीचे मास्तर वर्षानुवर्षं पोरांना तिथं बसवायचे, तेही खाली मान घालून उभे होते. कुणीतरी सरांची कॉलर धरली. हेडमास्तरांनी कारण विचारलं. सर म्हणाले, “माझी चूक झाली.” एवढंच. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मी बोलले नसते.

संस्थेनं त्यांना बदली करून लांब मलकापूरच्या शाळेत टाकलं. जाण्याआधी ते एकदा गिरणीवर आले, दळण नव्हतंच हातात. म्हणाले, “अक्का, कडी काढली तवा पोरगं जर्सी आन् बूट घालून, नाड्या बांधून बसलं हुतं.” आणि गेले. त्या खोलीत पुढंही पोरं बसतच होती.

संदीपला संघानं पुन्हा विचारलं, तोच गेला नाही. म्हणजे माझं म्हणणं खरं झालं की नाही? शिकला, एमआयडीसीत चिकटला, लग्न झालं. पण दाराला आतून कडी म्हणून लावत नाही, न्हाणीघराच्यासुद्धा. सून चेष्टा करते. तिच्याबरोबर मीही हसते.

परवा जेवताना त्याचा मोबाइल वाजला. शाळेतल्या मित्राचा फोन, बिरनाळे सर गेले म्हणून. संदीपनं फोन ठेवला, घास मोडला, म्हणाला, “बरं झालं.” मग थोड्या वेळानं, खाली बघतच, “आई, त्या टायमाला माझ्या बाजूनं तू एकटीच रडलीस. मी इसरलो न्हाई.”

मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. गरम आहे, जपून, असं म्हणाले.