चिनेम्बिरींच्या रायफलीचा दोष

माझा सेकुरू फंगाई, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, काही विकत घ्यायला निघाला की मुशुंबीच्या बाजारातले दुकानदार कपाळाला हात लावतात. पातेलं घ्यायचं असेल तर तो ते बोटानं वाजवून कानाशी धरणार, पाणी भरून मागणार, ते पाणी ओतून देणार आणि म्हणणार, "विचार करतो." सायकल घेतली तेव्हा ती उलटी ठेवून त्यानं चाक फिरवलं आणि चाक आपोआप थांबेपर्यंत उकिडवा बसून राहिला.

"सोको, सायकल बसायला असते," दुकानदार म्हणाला.

"बसेन की. तिचं बोलणं तर संपू दे."

सोको, म्हणजे माकड, हे त्याच्या कुळाचं देवक. मान द्यायचा झाला की मोठी माणसं त्याला त्याच नावानं हाक मारतात. आम्ही भाचरं तीच हाक मारून त्याला शेपूट कुठं ठेवलीस म्हणून विचारतो. भाच्यांना ते चालतं.

तर असा हा माणूस. शिकारीच्या कंपनीत माग काढणारा. पुढे तो, नजर जमिनीवर आणि हात मोकळे, मागे रायफलवाला, त्याच्या मागे घामाघूम झालेला परदेशी पाहुणा. आयुष्य असंच पुढे चालण्यात गेलं. मग केस पिकायला लागल्यावर त्याला शिकाऱ्याच्या परवान्याची परीक्षा द्यायची हुक्की आली, आणि सगळ्यांनी हसून झाल्यावर तो पास झाला. कंपनीचा मालक म्हणाला, हिवाळ्याआधी स्वतःची मोठी रायफल आण, म्हणजे तुला बंदुकीसकट पाठवतो.

मोठी रायफल म्हणजे रेडा थांबवणारी, हत्ती थांबवणारी. नवी घेणं आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही येत नाही, आणि जुनी विकायला निघते ती कुणी मेल्यावरच. त्या वर्षी निघाली ती चिनेम्बिरींची.

आता चिनेम्बिरी म्हणजे आमच्या खोऱ्यातलं सर्वांत मोठं नाव. जंगलाच्या नोकरीत म्हातारे झालेले. हत्ती पिकात शिरला की लोक आधी त्यांना बोलवायचे, मग देवाला. निवृत्त झाल्यावर सरकारी रायफल परत करावी लागली, तेव्हा ते कंपनीत आले आणि ही चारशे सोळा बोअरची लांब रायफल घेतली. ऑक्टोबरच्या उन्हात एक जखमी रेडा झुडपातून उलटून आला. चिनेम्बिरींची एक गोळी लोकांनी ऐकली. दुसरी ऐकू आली नाही.

रायफल उघडून पाहिली तेव्हा पहिल्या गोळीची रिकामी पुंगळी नळीतच होती, आणि तिच्या बुडावर दोन खळगे. म्हणजे तीच पुंगळी परत आत गेली होती आणि म्हाताऱ्यांनी तिच्यावरच चाप ओढला होता. खाली भरलेली काडतुसं तशीच वाट बघत पडलेली. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं, रायफलीनं पुंगळी बाहेर टाकली नाही. ऐन वेळेला रायफलीनं धनी खाल्ला.

सेकुरूनं ती बघायला जायचं ठरवलं तेव्हा त्याची बायको, आमची आंबुया, चुलीवर मक्याच्या पिठाचा साद्झा घोटत होती. तिनं घोटणं थांबवलं नाही. "जा. बघून ये. आणि आणलीसच तर येताना माझ्यासाठी विधवेचं काळं कापडही घेऊन ये. तुझी खेप वाचेल."

"नुसती बघतो."

"चिनेम्बिरींनीही बघूनच घेतली होती."

रायफल ठेवली होती वर घाटमाथ्यावर पेनफोल्डकडे. हा गोरा म्हातारा जुन्या शेतावर एकटा राहतो आणि बंदुका दुरुस्त करतो. आमची भाषा तो स्वयंपाकघरातल्या नोकरांकडून शिकला, त्यामुळे राजाशी बोलला तरी चहा मागितल्यासारखं बोलतो.

"फंगाई, तू आली," तो म्हणाला. "हा बंदूक फार चांगला मुलगी आहे. लोक वेडी आहे. तू बघ, तू पाहिजे तेवढा बघ."

हे त्यानं दुसऱ्या कुणाला म्हणावं. सेकुरूनं पाहिजे तेवढं बघितलं. नळीतून आकाश बघितलं. दस्ता अंगठ्यानं चाचपला, कारण एवढ्या धक्क्याच्या रायफलीला तडा जातो तो बोल्टच्या, म्हणजे पुंगळी काढून नवं काडतूस आत ढकलणाऱ्या खिट्टीच्या, मागे, लाकडाच्या मानेत. एकेक स्क्रू बघितला. काडतुसं भरून रायफल उलटी धरली आणि तशीच चालवली, वर जमीन आणि खाली ढग असल्यासारखी. काडतुसं गुमान आत गेली आणि बाहेर आली.

मग गोळ्या. दगडाच्या खाणीत एका ओंडक्यावर गोणपाट टाकून त्यानं आधी बसून झाडल्या. लक्ष्यावर भोकं एकमेकांना चिकटून पडली. मग उभ्यानं, घाईघाईनं, एकामागून एक. रायफल प्रत्येक वेळी खांद्यात अशी ढुशी द्यायची की टाचा मातीत रुतायच्या. पण पुंगळ्या टणाटण उडून उजवीकडे पडत होत्या.

"बघ, थुंकते," पेनफोल्ड खूश होऊन म्हणाला. "कशी छान थुंकते."

"त्या दिवशी ऊन होतं," सेकुरू म्हणाला.

"इथे पण ऊन आहे. मी काय सावलीत उभी आहे?"

सेकुरूनं काडतुसं पेनफोल्डच्या गाडीच्या बॉनेटवर मांडली आणि चटका बसेपर्यंत तापू दिली. तापलेल्या काडतुसाची पुंगळी कधी कधी नळीला धरून बसते. ह्या बसल्या नाहीत. रायफलीत वाळू टाकली, पुसली, झाडली. तरी काही नाही. पेनफोल्डनं हात वर केले. "फंगाई, तू लग्न करताना बायको पण असाच बघितली?"

"तिनं मला बघितलं."

तो घरी आला तो खांदा जांभळा आणि उजव्या गालावर ओरखडा घेऊन. ही रायफल लांब काडतुसाची, तिचा बोल्ट पार मागे ओढावा लागतो. खांद्याला लावून भराभर ओढताना त्याचा अंगठा दर वेळी गालाला घासला होता.

"मांजर पाळलंय का पेनफोल्डनं?" आंबुया म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिनं ताट पुढे सरकवलं. "दोष सापडला?"

"नाही."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? सापडला असता तर दुरुस्त करता आला असता. न सापडलेला दोष घेऊन मी झुडपात कसा शिरू?"

पुढचे दिवस तो अंगणात बसून भुईमुगाची फोलं एकावर एक रचायचा. कोंबड्या ती पाडायच्या. तो परत रचायचा. नाही म्हणावं तर अशी रायफल पुन्हा मिळणार नव्हती, आणि राहिलेलं आयुष्य मोकळ्या हातांनी दुसऱ्याच्या बंदुकीपुढे चालण्यात जाणार होतं. हो म्हणावं तर त्याच्या डोळ्यांपुढे ती दोन खळग्यांची पुंगळी यायची.

उत्तर द्यायचं होतं चिनेम्बिरींच्या बायकोला, माई रुडोला, वर्षश्राद्धाच्या वेळी. माणूस जाऊन वर्ष झालं की आमच्याकडे त्याच्या आत्म्याला घरी परत आणतात, बिअर गाळतात, ढोल वाजतात, आणि त्याच्या वस्तू वाटल्या जातात. आणि सुना त्याची नक्कल करतात. मेलेल्याचे कपडे घालून, त्याच्या चालीनं, त्याच्या आवाजात. रडणाऱ्यांना हसवायचं आणि हसणाऱ्यांना रडवायचं हा सुनांचा हक्क आहे, आणि चिनेम्बिरींची धाकटी सून एस्नात हिच्यासारखी नक्कल करणारी मी दुसरी पाहिलेली नाही. ती वाढवत नाही. बाकीच्या सुना लंगडणाऱ्याला अजून लंगडा करतात. एस्नात नेमकी तेवढीच लंगडते.

ती खोलीतून बाहेर आली ती सासऱ्यांचा खाकी शर्ट आणि टोपी घालून. दारात थांबून तिनं घसा खाकरला, दोनदा बारीक, एकदा मोठ्यानं, आणि भिंतीशी बसलेल्या बायकांनी हातानं तोंड दाबलं. "बिअर आंबट आहे," ती चिनेम्बिरींच्या आवाजात म्हणाली. "कुणी गाळली? थांबा, सांगू नका. अजून एक भोपळाभर प्यायल्याशिवाय मला कळायचं नाही."

लोक लोळायचे बाकी राहिले. माई रुडोसुद्धा डोळे पुसत हसत होती.

मग तिनं म्हाताऱ्यांची काठी घेतली. त्यांची हत्तीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. म्हातारे रोज ओसरीवर तीच सांगायचे आणि सांगताना काठीची रायफल व्हायची. एस्नातनं काठी खांद्याला लावली. "हा आला. धडाम." हात उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला. "धडाम." परत मागे, परत पुढे. झपझप, सफाईनं, आयुष्यभराच्या सवयीनं.

सगळे हसत होते. सेकुरू हसायचा थांबला. त्याचा हात आपोआप गालावर गेला, त्या वाळलेल्या खपलीवर. एस्नातचा हात मागे येत होता, पण गालापर्यंत येत नव्हता. नाकाच्या अलीकडेच थांबत होता, दर वेळी, एकाच जागी.

ढोल सुरू झाल्यावर त्यानं तिला धान्याच्या कोठारामागे गाठलं. "सूनबाई, ते धडाम परत कर."

"सोको, बिअर चढली का?"

"कर ना."

तिनं हातानंच करून दाखवलं.

"हात एवढाच मागे यायचा त्यांचा?"

"एवढाच. कमी नाही, जास्त नाही. खरी रायफल पुसायला बसले तरी असंच करायचे, मी भाजी निवडता निवडता रोज बघायची." मग तिनं डोळे बारीक केले. "का?"

"छान करतेस म्हणून," सेकुरू म्हणाला आणि गेला.

सरकारी रायफल आखूड काडतुसाची होती. तिचा बोल्ट तेवढाच मागे ओढला की पुंगळी उडायची. जन्मभर चिनेम्बिरींच्या हातानं तेवढंच अंतर पाठ केलं. नव्या रायफलीला त्याहून बोटभर जास्त लागत होतं. नेम असा की पहिल्या गोळीतच काम व्हायचं. दुसरीची घाई त्यांना कधी पडलीच नाही, त्या दिवसापर्यंत. त्या दिवशी हात जुन्या ठिकाणी थांबला, पुंगळी बाहेर पडायच्या आत परत पुढे गेली, आणि रायफलीनं त्यांनी सांगितलं तेवढंच केलं.

घरी येऊन त्यानं हे आंबुयाला सांगितलं. तिनं त्याच्या गालाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे घेता येईल. तुझा हात तर पार मागे जातो, गालच सांगतोय."

"घेता येईल. पण किती देऊन?"

"म्हणजे?"

"माई ती मातीमोल विकायला बसली आहे, खुनी म्हणून. त्या भावात घेतली तर मी विधवेला फसवलं. पुरी किंमत दिली तर सगळ्यांना कळेल की रायफल चांगली आहे. आणि रायफल चांगली, तर मग..." तो थांबला. "चिनेम्बिरींचं नाव एवढंच तर उरलंय तिच्याकडे."

सकाळी तो गेला तेव्हा माई रुडो चटईवर शेंगा फोडत होती. तो खाली बसला, टाळ्या वाजवून नमस्कार केला.

"काय ठरवलंस, सोको?"

"घेतो, माई."

"नको घेऊ. वाईट आहे ती."

"आतली एक स्प्रिंग ढिली आहे. पेनफोल्ड बदलून देतो म्हणाला."

"असं." दोन शेंगा फुटल्या. "तरी पण बिघडलेलीच ना. दोन शेळ्या दे आणि घेऊन जा. माझ्या डोळ्यांपुढून जाऊ दे."

"दोन शेळ्या बरोबर आहेत. बिघडलेल्या मालाला तेवढंच." मग तो खाकरला. "आणि बाहेर चिंचेला लाल गाय बांधली आहे, पोटात वासरू असलेली. ती दुखवट्याची."

माईनं मान वळवून चिंचेकडे पाहिलं. "दुखवट्याला लोक सुपभर पीठ आणतात."

"मी मातीला नव्हतो. वर्षाचा उशीर झाला. रिकाम्या हातानं कसं यायचं?"

ती गायीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, त्याच्या गालाकडे. हातातली शेंग तिनं फोडली नाही, चटईवर ठेवली.

"सोको."

"बोल, माई."

"हट्टी आहे ती. पार मागे ओढत जा. शेवटपर्यंत. गालाला लागलं तरी."

बोल्टबद्दल तो तिच्यापाशी एक अक्षरही बोलला नव्हता.

त्यानं परत टाळ्या वाजवल्या, हळू, आणि माईनंही वाजवल्या.

आता तो रायफल घेऊन पाहुण्यांसोबत जातो. घरी असला की सकाळी अंगणात उभा राहून रिकामी रायफल खांद्याला लावतो आणि बोल्ट ओढतो, परत ओढतो. कोंबड्यांना सवय झाली आहे. गालावर त्या जागी आता घट्टा आहे. आंबुया म्हणते, दुसरी बायको केलीस आणि तीही ओरबाडणारी.

गावात ही गोष्ट आता कुणाला ठाऊक नाही असं नाही. पण कुणीही विचारलं तरी लोक सांगतात, रायफलीतच दोष होता, स्प्रिंगचा. पेनफोल्डलाही सेकुरूनं ते पढवून ठेवलं आहे, आणि तो मान हलवून म्हणतो, "हो हो, स्प्रिंग फार आळशी मुलगा होती."

परवा एका लग्नात लोकांनी एस्नातला आग्रह केला, म्हाताऱ्यांचा हत्ती कर म्हणून. तिनं घसा खाकरला, दोनदा बारीक, एकदा मोठ्यानं. काठी खांद्याला लावली. धडाम. आणि हात मागे ओढला, नाकापाशी नाही, गालापाशी नाही, पार कानामागे. नक्कल चुकली होती. मी सेकुरूकडे पाहिलं. तो सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता.