बेगमीची पेटी

आमच्या गल्लीत काहीही साठवून ठेवा, ते नासतं. तांदळाला सोंडे लागतात, डाळीला जाळी धरते, पाण्यात वळवळे पडतात. टिकतात ते फक्त किस्से! कुणाच्या ओट्यावर दोन बायका टेकल्या की एकीला एक आठवतो, दुसरीला दोन, आणि चुलीवरचं दूध उतू जातं. तेही पुढच्या वेळी किश्शातच जमा होतं.

गल्ली म्हणजे सहा घरं. आष्टीला जायचं तर मध्ये नदी, आणि नदीवर एक बुटका पूल. मी अंगणवाडीत शिकवते. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली. समोर गयाकाकू, सासूबाईंना 'सरे' म्हणून हाक मारणाऱ्या. त्यांचा मुलगा-सून दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. शेजारी शकीलाभाभी, शिवणकाम करतात. आता सांगते ते बहुतेक आम्हा चौघींचंच आहे.

*

सुरुवात मिठापासून करू.

मोबाईलवर मेसेज आला की मीठ संपणार. समुद्राच्या मिठाशी बीड जिल्ह्याचा संबंध काय, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. सासूबाई चपला न घालता दुकानात गेल्या आणि मिठाच्या अकरा पिशव्या घेऊन आल्या. "जवारी न्हाई पिकली तर तांदळाच्या कन्या खाऊ. मीठच न्हाई म्हटल्यावर काय खानार?"

मीठ काही संपलं नाही. पावसाळ्यात पिशव्यांना पाणी सुटलं आणि नंतर त्यांचे धोंडे झाले. एक धोंडा अजून आमच्या मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेला आहे. आमच्याकडच्या शेळ्या येता-जाता दार चाटतात!

*

दुसरा किस्सा हसण्यासारखा नाही. पण गल्लीत हसूनच सांगतात, म्हणून मीही तसाच सांगते.

लॉकडाऊनमध्ये गयाकाकूंचे मालक गेले. तात्या. आजारबिजार काही नव्हता, वय झालं होतं. सकाळी चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसले ते बसलेच. आता माणूस गेला की कोरं कापड लागतं. मांजरपाट. एरवी आष्टीत कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळतं, पण सगळी शटरं खाली. गावात कुणाच्या घरी कोरं कापड नाही. शकीलाभाभींकडे होतं ते ब्लाउजचं अस्तर, तेही लाल.

शेवटी लेकाच्या लग्नात आलेली चादर काढली. कोरी होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिच्यावर पोपट होते. हिरवे, लाल चोचीचे, जोडीजोडीनं बसलेले.

चौघांनी तात्यांना उचललं. गयाकाकू दारात उभ्या होत्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "जल्मभर पांढऱ्या धोतरात राहिला मानूस. जाताना आंगावर पोपट घिऊन गेला!"

पुढं कितीतरी दिवस त्या येईल त्याला तेच सांगायच्या. नंतर शेवटी एवढं जोडू लागल्या: "माझं आसं व्हऊ देऊ नका, बायांनो. पोरगं तिकडं उसाच्या फडात. मी कवा जाईन, काय नेम? मला कोरं पायजे."

*

मग आम्ही पेटी केली.

लॉकडाऊननं सगळ्यांचेच डोळे पांढरे झाले होते. ठरलं की गल्लीची मिळून एक पत्र्याची पेटी ठेवायची. प्रत्येक घरानं आपल्याला ज्याची भीती वाटते ती वस्तू तिच्यात टाकायची. कुणी तांदूळ टाकले, कुणी काडेपेट्या, कुणी बॅटरी आणि सेल. रॉकेलची बाटली आली. मी तापाच्या गोळ्या आणि पट्ट्या दिल्या.

पेटीला नाव काय द्यायचं? सासूबाई म्हणाल्या, "नाव कशाला? बेगमी हाय, बेगमीची पेटी म्हना." शकीलाभाभी हसल्या. "आत्या, हा शब्द आमचा हाय, ठावं हाय का? बे म्हंजे बिगर. गम म्हंजे दुख. घरात भरून ठिवलं की गम न्हाई, म्हनून बेगमी!"

आयुष्यभर पावसाळ्याची बेगमी करत आलेय मी. शब्दाच्या आत काय भरलंय ते त्या दिवशी कळलं.

गयाकाकू सगळ्यात शेवटी आल्या. त्यांच्या हातात खताच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेलं गाठोडं होतं. पाच मीटर मांजरपाट. दुकानं उघडल्यावर त्यांनी पहिलं काम तेच केलं होतं.

सासूबाई ताडकन उठल्या. "गये, तुला काय येड लागलं का? तांदळाशेजारी मढ्याचं कापड?"

"भीती वाटते ते टाका म्हनला न्हवं? मला ह्याचीच वाटते."

"अभद्र मेली! त्या कापडाचा वारासुदिक नको मला!"

महिनाभर दोघी बोलल्या नाहीत. पण पेटी ठेवायची कुणाकडे? बारा महिने घरात असणारं माणूस एकच. गयाकाकू. किल्लीही त्यांच्याच कमरेला गेली.

*

किल्ली मिळाली आणि गयाकाकू कलेक्टर झाल्या.

पाहुणे आले, साखर संपली, वाटीभर द्या. गयाकाकूंचा एकच प्रश्न: "मरतंय का कुनी?"

"न्हाई वो, पावनं आल्यात."

"मंग तशी वेळ आली न्हाई. बिगर साखरेचा पाजा."

एकदा ऐन दिवेलागणीला लाईट गेली आणि शकीलाभाभींच्या मशीनखाली साप निघाला. भाभी टेबलावर चढून ओरडायला लागल्या. "काकू, बॅटरी!" काकूंनी खिडकीतून विचारलं, "चावला का?"

"आजून न्हाई!"

"मंग तशी वेळ..."

"काकूऽऽ!"

तेव्हा कुठं पेटी उघडली. सेलना पाणी सुटून आत हिरवं जमलं होतं. बॅटरी ठोकली, आपटली, उन्हात ठेवायला हवी होती यावर चर्चा झाली. तोवर साप कंटाळून निघून गेला.

*

पाण्याचा किस्सा सांगितला नाही तर हे आमच्या गल्लीचं वाटणारच नाही.

उन्हाळ्यात टँकर चार-पाच दिवसांआड यायचा. पाण्याच्या चोऱ्या व्हायला लागल्या म्हणून सासूबाईंनी आमच्या निळ्या ड्रमच्या झाकणाला कडी बसवून घेतली आणि कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या पिशवीत. एके दिवशी त्या नारायणगडाला दर्शनाला गेल्या. पिशवी घेऊन!

दुपारी आमच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला. दहा पावलांवर दोनशे लिटर पाणी, आणि त्याला कुलूप. मी झाकण ओढतेय, शकीलाभाभी दगडानं कुलूप ठेचतायत. शेवटी भाभींनी कोयता आणला आणि ड्रमच्या पोटातच घातला. पाणी भसाभस आलं खरं, पण उतार दुसरीकडे होता. सगळं पाणी गटारीला गेलं आणि कडबा बसल्या जागी जळाला.

संध्याकाळी सासूबाई प्रसाद घेऊन आल्या. काळी पडलेली जागा पाहिली, माझे भाजलेले हात पाहिले, मग ड्रमकडे गेल्या. "ह्यो कुनी फोडला बे?"

बायकांना कुणी 'बे' म्हणत नाही. त्यावरून त्यांचा राग किती असेल ते ओळखा!

*

आता यंदाचं.

आमची सगळी तयारी होती ती पाणी नसण्याची. पाणी आलं तर काय करायचं, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

पावसाळा सरता सरता असा कोसळला की पाणी अडवायला खणलेला चर कुठं होता तेही कळेना. आमचे हे आष्टीला गेले होते, तिकडेच अडकले. पुलावरून पाणी गेलं. मग गल्लीमागचा ओढा फुगला आणि गल्लीत घोटाभर पाणी शिरलं. शहाण्या माणसानं काय करावं? सामान वर उचलावं, जनावरं सोडावीत.

सासूबाई अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "आगं बघताव काय? ड्रम काढा! पानी आलंय, भरून घ्या!"

आणि आम्ही भरलं! खोटं सांगत नाही. सहाच्या सहा घरांच्या बायका ड्रम, घागरी, पातेली पत्र्याच्या धारेखाली लावत होत्या. खालून पाणी गुडघ्याला आलं, तरी वरून भरणं चालूच. भरलेल्या नव्या ड्रमवर सासूबाईंनी झाकण बसवलं, आणि सवयीनं कुलूपही लावलं. अर्धा दिवस त्या पावसात उभ्या होत्या. "आत्याबाई, आत चला," मी चारदा म्हणाले. पाचव्यांदा म्हणाले नाही, कारण मलाही ते भरलेले ड्रम बघून बरं वाटत होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

संध्याकाळपासून त्यांना हुडहुडी भरली. सकाळी अंग तव्यासारखं. छाती घरघरत होती. फोन लागायचा आणि तुटायचा. पलीकडून माणूस म्हणाला, गाडी तयार आहे, पण पूल दिसत नाही. ट्रॅक्टरवाला ओढ्यापर्यंत गेला आणि परत आला.

मी गयाकाकूंकडे गेले. "काकू, पेटीतल्या तापाच्या गोळ्या द्या."

त्या बाजेवर बसल्या होत्या, पेटीही बाजेवरच होती. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "मरतंय का कुनी?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. गोळ्यांवरची मुदत केव्हाच संपली होती. तरी दिल्या. दुसरं काय होतं माझ्याकडे?

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गेल्या. अकरा पिशव्या मीठ आणणाऱ्या, ड्रमला कुलूप लावणाऱ्या माझ्या सासूबाई. मला त्यांचा कधीकधी इतका राग यायचा, पण त्या दिवशी मी लहान पोरीसारखी रडले.

*

घरात कोरडं म्हणून काही उरलं नव्हतं. साड्या, चादरी, गोधड्या, सगळ्यांतून चिखलाचं पाणी निथळत होतं. गावातले चुलतदीर आले होते, ते म्हणाले, "वहिनी, येखादं लुगडं पिळून द्या. तसंच न्यावं लागंल."

मी लुगडं पिळायला घेतलं. त्यातून गढूळ पाणी निघतच राहिलं.

तेवढ्यात गयाकाकू आल्या. शकीलाभाभींचा दंड धरून, गुडघाभर पाण्यातून, डोक्यावर खताच्या पिशवीतलं गाठोडं. पेटीतले तांदूळ कुजले होते, काडेपेट्यांचा लगदा झाला होता, पण दोन पिशव्यांच्या आतलं ते कापड खडखडीत कोरडं होतं. नव्या कापडाला खळीचा वास असतो ना, तो घरभर झाला.

सासूबाईंना त्यांनी स्वतःच्या हातानं गुंडाळलं. कडा नीट खोचल्या, घड्या सारख्या केल्या. खोचता खोचता बोलत होत्या, "वारासुदिक नको म्हनत हुतीस न्हवं, सरे? घे आता. गप पड." आणि तात्यांच्या वेळी न रडलेली ती बाई घळघळा रडत होती.

पलीकडच्या काठावर आमचे हे उभे होते. टेकाडावर, ओल्या लाकडांवर पेटीतलं रॉकेल ओतून, आईला अग्नी चुलतदिरांनी दिला. ह्यांना धूर तेवढा दिसला.

सगळे आंघोळीला गेल्यावर मी गयाकाकूंजवळ बसले. त्यांचे हात रिकामे होते. चार-पाच वर्षं ज्या एका गोष्टीला त्या जपत होत्या, ती माझ्या घरानं नेली होती. मला राहवलं नाही. "काकू, आणि तुम्हाला हो?"

"मला काय घाई हाय?" पदरानं नाक पुसत त्या म्हणाल्या. "रस्ता सुरू झाल्यावर मरंन मी."

सहाव्या दिवशी पूल उघडा पडला. पहिली जीप आली तेव्हा अख्खं गाव फाट्यावर होतं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पेढ्यांची गोष्ट काढली. आमचे हे उतरले, माझ्याजवळ आले. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही घरी व्हा, मी आलेच." आणि त्याच जीपमध्ये चढले.

आष्टीत कापडाचं दुकान नुकतंच उघडत होतं. मी म्हणाले, "मांजरपाट. पाच मीटर."

दुकानदारानं गठ्ठा खाली घेतला. आवाज उतरवून विचारलं, "कोन गेलं, ताई?"

"कुणी नाही हो," मी म्हणाले. "पण रस्ता सुरू झालाय. लवकर फाडा!"