वळणावर सुटलेला कॉल

चंद्रपूरच्या दवाखान्यात माझ्या आईशेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्यांचा नवरा, घुग्घुसचा म्हातारा शिंपी, दिवसभर त्यांच्यापुढे मोबाइल धरून बसायचा. पडद्यावर दुबईतली मुलगी असायची. हात भरून आला की तो दुसऱ्या हातानं कोपराला आधार द्यायचा, पण मोबाइल खाली ठेवत नसे. आत रेंज नव्हती; दवाखान्याचं वाय-फाय तेवढं होतं.

एका दुपारी बाईंना घाईनं आयसीयूकडे नेलं. स्ट्रेचरसोबत तोही मोबाइल धरून धावला, मागे मी. वळणावर वॉर्डातलं वाय-फाय सुटलं आणि पुढच्या राउटरचं वाय-फाय मोबाइल धरेना. मुलीचा चेहरा थिजला.

"जराक थांबा ना भाऊ, पोरगी पाहून राह्यली!"

थांबणं शक्यच नव्हतं. दार लागलं, आणि मग कॉल जुळला.

"अब्बा, अम्मी किधर है?"

त्यानं मोबाइल बंद दाराकडे वळवला.

संध्याकाळी बाई गेल्या. तो मला एवढंच म्हणाला, "मी तं सोबतच होतो ताई, तरी मले दाखवता नाई आलं."

त्याच्या हातात मुलीचा फोन वाजत होता. तो उचलत नव्हता.