थोडा बहिरा माईक

माईक चालू केल्यावर रशीदचाचा लगेच बोलत नसत. ग्रामपंचायतीच्या छतावरचे दोन्ही भोंगे आधी नुसते गुणगुणत आणि चाचा डोळे मिटून पाच-सहा सेकंद गप्प बसत. तेवढ्यात चुलीपुढच्या बाईचा हात थांबे, पारावरची बडबड बंद पडे. रेशन आलं असेल, पाणी सुटणार असेल, नाहीतर कुणी गेलं असेल. मी हे लहानपणापासून ऐकत आलो आणि ते गप्प बसणं मला कधीच आवडलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "लोकाईले जागेवर बसू द्यावं लागते बे. खबर कशी हाये ते त्याईले कुठं ठाऊक असते?"

आमचं गाव धामणगाव बढेपासून फार लांब नाही. अब्दुल रशीद शेख म्हणजे गावाचा दवंडीवाला, फक्त डफड्याच्या जागी माईक. घरी ते चाचीशी हिंदी बोलत, आमच्याशी वऱ्हाडी, पण भोंग्यावर त्यांचं मराठी असं काही शुद्ध निघे की हेडमास्तरांनी मान खाली घालावी. 'गावकऱ्यांना कळविण्यात येते की' हे वाक्य ते असं म्हणत, जणू नुकतंच सुचलं आहे. मयताच्या खबरेला त्यांचा एक कायदा होता. नाव सांगायचं, वेळ सांगायची, कसा गेला ते सांगायचं नाही. ज्या वर्षांत तरणी माणसं लागोपाठ जात होती, त्या वर्षांतही त्यांनी तो मोडला नाही. "कसा गेला ते माईकचं काम नाही," एवढंच म्हणत.

जूनमध्ये ते बियाणेवाल्यांच्या जीपवर बसून तालुकाभर फिरत. बीटी कपाशी नवी होती तेव्हापासूनचं ते काम. कंपनीचा माणूस कागद देई आणि चाचा वाचत की या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, फवारणीची कटकट संपली. काही वर्षं ते खरंही ठरलं. मग गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी. लोक हसत हसत म्हणायचे, चाचा, तुमच्या माईकमधून निघाली बरं ही. चाचा हसत नसत. मी समजूत घालायला गेलो, की तुम्ही दिलेलंच वाचलं, तुमचा काय दोष. ते म्हणाले, "कागद त्याईचा व्हता. आवाज तं माहा व्हता ना." जीपवर जाणं त्यांनी त्या वर्षी सोडलं.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली आणि स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. अकोल्याहून उतरले ते चाचा थेट तिथेच आले. आवाज फाटका झाला होता, पण सकाळच्या पारी तासभर बरा निघे. त्यांना रडायचं नव्हतं, काम होतं. आपला आवाज भरून ठेवायचा आणि पुढे त्यावर पंचायतीचं काम चालवायचं. "मी मुका झालो तं घरचे मले शेळ्या राखायले लावतीन. भोंग्यावर माहाच आवाज राह्यला पायजे," म्हणाले. आणि मग, "लॅपटॉपले लागते तसा माईक पाहून दे. एक शेळी इकतो. दोन नाही इकत."

मी उत्साहाने कामाला लागलो. चार व्हिडिओ पाहिले, लोकांचे अभिप्राय वाचले आणि यूएसबीचा एक कंडेन्सर माईक पसंत केला. स्वस्त, पाच स्टार मिळालेला, सोबत फोमची टोपी आणि स्टँड. तो आला तसा चाचांच्या घरी जोडला. चाचांनी हेडफोन लावला आणि सवयीप्रमाणे गप्प बसले. शेजारी पिठाची चक्की, वर टिनपत्रं, दारात शेळ्या. मिनिटभराने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. चक्कीचा पट्टा, शेळीचं रवंथ करणं, आतल्या खोलीत चाचीच्या बांगड्या, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "हा चोंबडा हाये," चाचा म्हणाले. "शेजाऱ्याच्या घरातलं बी ऐकते. गरिबाच्या घरी माईक थोडा बहिरा पायजे."

तो परत पाठवला आणि आम्ही एसटीने चिखलीला गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन माईक मांडले आणि बोलून बघा म्हणाला. चाचांनी एकेकाला हेडफोन लावला आणि एकाही माईकवर शब्द काढला नाही. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असावं, म्हाताऱ्याला बोलता येत नाही. शेवटी चाचांनी सगळ्यांत साधा उचलला, डायनॅमिक, यूएसबीची वायर असलेला, हातात वजनदार. याला तोंड चिकटवून बोलावं लागेल, मी म्हणालो. चाचा म्हणाले, "मंग बराबर हाये. जो तोंडापाशी येते त्याचंच ऐकते."

वाक्याचे तुकडे करायची अक्कल माझी. आधीचं वाक्य, मधलं नाव, नंतरचं वाक्य वेगवेगळं भरायचं आणि लागेल तसं जोडायचं. पाणी, रेशन, हरवलेली म्हैस, ग्रामसभा हे चार सकाळींत झालं. पाचव्या दिवशी मयताची वाक्यं भरली. 'यांचे दुःखद निधन झाले आहे.' आणि मग नावं आली. मी मतदारयादी काढून आणली होती. आपण काय करतो आहोत ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. चाचा एकेका जिवंत माणसाचं नाव त्या सुरात घ्यायला लागले तशी चाची दारातून उठली. "जिंदा लोगों का नाम ऐसा लेते क्या जी?" म्हणाली आणि सकाळभर घरात आली नाही.

गावात ही गोष्ट लपणार थोडीच. नामदेवआबा स्वतः काठी टेकत आले. ऐंशी उलटलेले. माझं कसं होणार आहे ते ऐकव म्हणाले. ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि नावाआधी 'श्री' लावायची सूचना केली. चाचांनी परत भरलं. आम्ही सगळे हसलो.

माझा धाकटा भाऊ दिनकर तेव्हा तिथेच होता. चौतीस वर्षांचा, सहा एकर कपाशी, अंगात फार मस्ती. तो माईकपाशी वाकून म्हणाला, "चाचा, माहं बी भरून ठेवा ना. मधात गॅप नको पडायले." चाचांनी माईकची वायरच उपटली. रागावले नाहीत, पण चेहरा उतरला. "पन्नाशीच्या आतलं एकही नाव मी भरत नाही," म्हणाले. मी माझं शहाणपण सांगितलं की अशाने यादी अर्धीच राहील. "राहू दे. ते नाव मले घ्यायचंच नाही." दिनकरने त्यांच्या पाया पडून थट्टेवर नेलं. जीपवर चाचांनी पुकारलेलंच बियाणं तो पहिल्यापासून लावत आला होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर फडकं, हातात पाटी आणि खडू. महिनाभराने चाचा पंचायतीत लॅपटॉपपुढे बसले आणि भोंग्यावर आधी ती गुणगुण आली, मग जुना खणखणीत आवाज, की उद्या सकाळी आठ वाजता पाणी सुटेल. म्हाताऱ्या बायांनी चाचीला येऊन विचारलं, बरे झाले का तुमचे? चाचा त्या दिवशी नवा सदरा घालून गावभर फिरले. नामदेवआबांना मात्र काहीच झालं नाही.

त्या साली अळीसाठी फवारण्यावर फवारण्या चालल्या होत्या. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, पाऊस नाही, हवा कोंडलेली. दिनकर तोंडाला दस्ती बांधून दोन दिवस फवारत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेताच्या धुऱ्यावर बसून ओकला. डोळ्यांना दिसत नाही म्हणाला. मी त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत आणला तो गाडीत आडवा.

अंगणात बायकांचा आक्रोश चालू होता तेव्हा भोंगे गुणगुणायला लागले. पाच सेकंद झाले. 'गावकऱ्यांना कळविण्यात येते की', चाचांचा आवाज आला. आणि मग काहीच नाही. एक माणूस आपलं नाव, बापाचं नाव आणि आडनाव सावकाश सांगेल इतका वेळ भोंगा नुसता उघडा होता. मग, 'यांचे दुःखद निधन झाले आहे.' अख्खं गाव रस्त्यावर आलं आणि ज्याने त्याने दुसऱ्याला विचारत विचारत आमचं दार गाठलं. मला चाचांचा भयंकर राग आला. माझ्या भावाला त्यांनी बिननावाचा केला असं वाटलं.

तेराव्यानंतर पंचायतीत कळलं. शिपाई म्हणाला होता, नाव मी माईकवर सांगतो. चाचांनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीवरून उठवलं होतं. मी लॅपटॉप उघडला. मध्ये काही ठेवलं नाही तर दोन तुकडे आपोआप चिकटतात, जागा मुद्दाम सोडावी लागते. आवाज भरताना चाचा बोलण्याआधी गप्प बसत, त्या स्वतःच्याच गप्प बसण्याचा तुकडा त्यांनी तिथे लावला होता. बहिऱ्या माईकनेही त्यात त्यांचा श्वास पकडला होता. मी वर पाहिलं तर चाचांनी पाटी पुढे केली. लिहिलं होतं: 'भरायले पायजे होतं. मी नाही भरलं. दुसऱ्याले कसं घेऊ देऊ?' मी ती पाटी पुसली नाही. त्यांनीच बाहीने पुसली आणि कितीतरी वेळ पुसत राहिले.

उन्हाळ्यात चाचा गेले. सरपंच म्हणाले, त्यांचाच आवाज लाव, यादीत त्यांचं नाव असेल. नव्हतं. आपलं नाव आपण कुठं सांगतो बे, असं म्हणून ते त्यांनी टाळलं होतं. मग तोच माईक मी पंचायतीत जोडला, तोंडाजवळ घेतला आणि गप्प बसलो. खिडकीतून दिसत होतं, समोरच्या घरातली बाई पाण्याची कळशी तशीच धरून उभी राहिली होती. पाच सेकंद फार असतात. मी त्यांचं नाव घेतलं, वेळ सांगितली, कसे गेले ते सांगितलं नाही. माईक बंद केला आणि मग तसाच, बंद माईकवर, दिनकरचं नाव घेतलं.