न उजळलेला सदरा

माझी मावशी रूथबाई गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, नेवासा तालुक्यातल्या मिशन दवाखान्याच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मरण पावली. दवाखान्याचं धुणं ती सव्वीस वर्षं करत होती. हृदय थांबलं, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. कंपाउंडर भानुदास यांचा निरोप मला नगरला, वर्तमानपत्राच्या कचेरीत मिळाला. त्यात एक वाक्य जादा होतं : दोरीवर दाऊदचा सदरा आहे, तुम्ही येईपर्यंत काढत नाही.

दाऊद तिचा एकुलता मुलगा. धुणं तो आईकडूनच शिकला आणि मालवाहू जहाजाच्या लाँड्रीत लागला. प्रत्येक बंदरावरून तो तिथल्या धुण्याच्या पावडरीची पुडी पाठवी. मावशी ती बाटलीत भरून माझ्याकडून वर देशाचं नाव लिहून घेई. अमेरिकेची पावडर चिमूटभर टाकली तरी फेस बादलीबाहेर येई. जर्मनीची जवळजवळ फेसाळतच नसे. तिकडे यंत्रात, कढत पाण्यात धुतात. फेस उतू जाऊ नये म्हणून तो मुद्दाम कमी ठेवतात, असं दाऊदनं कळवलं होतं. मावशीला ते पटलं नाही. "फेसच न्हाई, तर मळाला कळायचं कसं, आता निघायचं म्हून?" विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा साका होई, तरी तिचा भरवसा साबणाची वडी आणि निळीवरच. दाऊदही स्वतःचे कपडे तसेच धुवी. वडी आणि नीळ इथून घेऊन जाई.

परदेशी पावडरीत कापड पांढरं दिसावं म्हणून एक द्रव्य घालतात. दवाखान्यात कातडीचे रोग तपासायचा जांभळा दिवा आहे. अंधाऱ्या खोलीत त्याच्याखाली ते द्रव्य निळसर उजळतं. दाऊद शेवटचा रजेवर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गंमत म्हणून त्याचे हात दिव्याखाली धरले. दहाही बोटांची टोकं पेटली. मावशी मागे सरकली. "भुतावानी दिसतोय रं. हात धू." त्यानं धुतले... उजेड गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीचं पत्र आलं. दाऊद जहाजावरून बेपत्ता झाला होता. तो बुडाला असं कंपनीनं धरलं होतं. पाठोपाठ त्याचे चार सदरे आले. तो बेपत्ता झाल्यावर चारही बंदरावरच्या लाँड्रीत धुतल्याची नोंद सोबतच्या यादीत होती. मावशीनं ते दिव्याखाली धरायला लावले. मी हजर होतो. तीन उजळले. चौथा काळा राहिला. तिनं तो नाकाशी नेला. "ह्यो त्यानं सोता धुतलाय. बुडालेला मानूस कापडं धुतो व्हय?" लाँड्रीत द्यायचा राहिला असेल, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू पेपरवाला ना? मंग दिसलं तेवढंच लिही. तीन पेटले, एक न्हाई." मी वहीत लिहिलं. त्याच दिवशी तिनं साऱ्या बाटल्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात कुलपात ठेवायला दिल्या. चौथ्या सदऱ्याची ती खूण बिघडू नये म्हणून पुन्हा पावडरीला हात लावला नाही. चर्चमध्ये मयतांच्या प्रार्थनेत दाऊदचं नाव तिनं कधी घेऊ दिलं नाही.

मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. यंदाच्या दुष्काळात विहीर आटली आहे. टँकर पाच दिवस आला नव्हता, धुणं बंद होतं, हौदाच्या तळाला भेगा होत्या. मावशीच्या खोलीतला पिण्याच्या पाण्याचा माठ भानुदास यांनी आदल्या संध्याकाळी बाहेरून पाणी आणून भरला होता, तो तसाच काठोकाठ होता. दोरीवर चौथा सदरा होता, वाळून कडक झालेला. सकाळी सातला त्यातून पाणी गळत होतं, असं भानुदास यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनीही ते पाहिलं होतं. पावडरीच्या बाटल्यांच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

सदरा आम्ही दिव्याखाली नेला. तो काळाच राहिला... फक्त खांद्यांवर, जिथे धरून वाळत घालतात तिथे, दोन्ही बाजूंना पाच-पाच बोटांचे ठसे उजळले. मग दिवा उचलून मावशीला ठेवलं होतं त्या खोलीत नेला, खिडक्या लावल्या आणि तिचे दोन्ही हात त्याखाली धरले.

एकही बोट उजळलं नाही.