शिट्टीची कवळी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, दाजी त्यावरून साचा करतात, मेणात दात बसवून बघतात आणि मग पक्की कवळी घासूनपुसून चकचकीत करून परत पाठवतात. सव्वीस वर्षांत त्यांनी गावातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांना चावतं केलं, पण त्यातल्या एकालाही ते चेहऱ्याने ओळखत नाहीत. रस्त्यात कोणी तोंडभरून हसला, तरच ओळख पटते.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चालतं. टेबलावर पांढऱ्या भुकटीचा थर, खणांमध्ये रंगांच्या क्रमाने लावलेले दात आणि कोपऱ्यात एक टीव्ही. दर रविवारी दुपारी तीनला त्या टीव्हीसमोर आम्ही चौघं जमायचो. दाजी, नाक्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही केमिस्ट म्हणतो, शाळेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर आणि मी. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. जमण्याचा हेतू एकच. मिळेल त्यातला सगळ्यात भिकार सिनेमा लावायचा आणि त्याची सालं काढायची. एखाद्या रविवारी चुकून बरा सिनेमा निघाला, तर मास्तर दुपार फुकट गेली म्हणून कुरकुरत घरी जायचे.

ज्याने त्याने आपापलं खातं वाटून घेतलं होतं. मास्तर मारामाऱ्या बघायचे. खलनायकाची माणसं एकेक करून पुढे येऊन मार खातात आणि बाकीची नाचल्यासारखी जागच्या जागी हलत राहतात, ही शिस्त आपल्याला तीस वर्षांत एका वर्गाला लावता आली नाही, असं ते म्हणायचे. कोटाच्या बाहीवरून इंजेक्शन देणारे डॉक्टर केमिस्टच्या वाट्याला. पाट्यांवरच्या आणि पत्रांतल्या चुका माझ्याकडे. दाजींकडे अर्थातच दात. वाळवंटात वीस दिवस उपाशी भटकलेल्या नायकाचे दात बाथरूमच्या फरशीसारखे पांढरेशुभ्र दिसले, की दाजी चित्र थांबवायचे, पडद्याजवळ जाऊन बोट ठेवायचे आणि शांतपणे विचारायचे, "हा वाळवंटात ब्रश घेऊन गेला होता का?" मग आम्ही पाच मिनिटं हसत बसायचो. चहा घेऊन आलेली ताई दारातच म्हणायची, की चार शहाण्यांनी इतका वेळ दुसऱ्या कशाला दिला असता, तर काहीतरी झालं असतं.

असं अकरा वर्षं चाललं. मग एका मंगळवारी सिनेमा कंपनीचा एक माणूस दाजींकडे आला. त्यांच्या खलनायकाला सुळे हवे होते, वरचे आणि खालचे, आठ दिवसांत. दाजींनी माप मागितलं. दुसऱ्या दिवशी माप आलं आणि दाजी कामाला लागले. त्या आठवड्यात मी दोनदा गेलो, तर मला बसही म्हणाले नाहीत. एक सुळा चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात फिरवत होते. रक्त पिणाऱ्या माणसाचे दात पांढरे असून कसं चालेल, मुळाशी थोडा तपकिरी डाग हवा, टोकाला पिवळसर झाक हवी, असं स्वतःशीच बोलत होते. काम खरोखर सुंदर झालं होतं. टेबलावर ठेवलेली ती कवळी बघून मला बोट मागे घ्यावंसं वाटलं.

त्यानंतर मात्र रविवारची मजा पातळ झाली. आम्ही कोणावर तुटून पडलो, की दाजी मध्येच म्हणायचे, अरे, मागे किती लोक राबत असतात, आपल्याला बसून बोलायला काय जातं. मास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांची तब्येत बरी आहे ना?"

सिनेमा लागला त्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला आम्ही चौघं आणि ताई, अशी पाच जणं गेलो. दाजींनी लग्नकार्यातला शर्ट घातला होता. थिएटरात आमच्याखेरीज फार तर पंचवीस डोकी होती. पाऊण तासाने खलनायक आला. धूर, वीज, ढोल, सगळं झालं. त्याने तोंड उघडलं, सुळे चमकले आणि दाजी खुर्चीत पुढे सरकले. तो गरजला, "सगळ्यांचा सर्वनाश करीन." निदान त्याला तसं म्हणायचं असावं. ऐकू आलं ते असं, की प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजली, कुकर होत आल्यासारखी. पुढच्या वाक्याला वरची कवळी खाली घसरली. त्याने ती अंगठ्याने वर ढकलली आणि पुन्हा सर्वनाशाची धमकी दिली. दिग्दर्शकाने हे सगळं तसंच ठेवलं होतं, बहुधा घाईत, किंवा त्यालाही हसू आवरलं नसेल.

आमच्या रांगेत आधी कोणी हसलं नाही. केमिस्टनी रुमाल तोंडात कोंबला होता. मास्तर छताकडे बघत होते. मी ओठ चावून धरला होता. पहिली हसली ती ताई. एकदा सुटली ती सुटलीच, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग आम्हाला धरबंध राहिला नाही. मध्यांतरानंतर सगळं थिएटर खलनायकाबरोबर शिट्ट्या वाजवत होतं. दाजी ताठ बसून होते. शेवटी पडद्यावर नावं आली, त्यात दातांच्या कामासाठी दाजींचं नाव होतं आणि आडनावातला एक काना खाल्लेला होता. ते माझं खातं. पण मी त्या दिवशी गप्प बसलो.

त्या रविवारी मागची खोली बंद. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी मी एकटाच गेलो, तर दाजी साचे घासत होते. ते म्हणाले, माप त्या नटाचं नव्हतंच. नटाला माप देताना उमासे येतात, म्हणून कंपनीवाल्यांनी त्याच्याऐवजी उड्या मारणाऱ्या बदली माणसाचं माप घेऊन पाठवलं. हे त्यांना नंतर फोन केल्यावर कळलं. दुसऱ्याच्या तोंडाची कवळी तिसऱ्याच्या तोंडात, मग शिट्टी नाही तर काय सनई वाजणार? मी म्हटलं, हे आम्हाला कसं कळणार. ते म्हणाले, "तेच सांगतोय. माणूस आठ दिवस मान मोडून खपतो आणि तुम्ही काही माहीत नसताना दात काढता."

ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "अकरा वर्षं तुम्ही ज्यांची सालं काढलीत, तेही घरी जाऊन बायकोला हेच सांगत असतील." दाजींनी घासायचं यंत्र सुरू केलं. त्याच्या आवाजात बोलता येत नाही.

यानंतर दाजी निवळले असते की नाही, कोण जाणे. पण पुढच्याच आठवड्यात तो नट स्वतः आला. पडद्यावर सात फुटांचा वाटणारा माणूस प्रत्यक्षात दाजींच्या खांद्याला लागत होता. टोपी हातात धरून, अगदी हळू बोलत होता. दाजी माफी मागायच्या तयारीत उठले, तर तोच हात जोडून उभा. सिनेमा आपटला होता, पण शिट्टी चालली होती. पोरं ठिकठिकाणी त्याची नक्कल करत होती आणि कंपनीने दुसरा भाग काढायचं ठरवलं होतं. अडचण एवढीच, की जुनी कवळी शूटिंगमध्ये पडून फुटली आणि तिच्याशिवाय त्याला शिट्टी जमत नव्हती. तेव्हा साहेबांनी तशीच दुसरी सैल कवळी करून द्यावी.

दाजी म्हणाले, "मी आजवर मुद्दाम वाईट कवळी केलेली नाही."

"मला तरी कुठे मुद्दाम वाईट काम करायचं होतं," तो म्हणाला. "पण तीस वर्षांत पहिल्यांदाच लोक मला ओळखायला लागलेत."

दाजींनी त्याला बसवलं आणि उमाशांना न जुमानता स्वतः माप घेतलं. बारा दिवस लागले. बरोबर बसणारी कवळी चार दिवसांत होते. नेमकी 'स'लाच वाजेल आणि 'श'ला गप्प राहील अशी सैल कवळी करणं हे दाजींच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ठरलं. नट रोज यायचा, सर्वनाश म्हणायचा आणि दाजी कान लावून कानशीने किंचित घासायचे. तो जाताना त्यांनी त्याला जेवायची एक खरीखुरी कवळीही करून दिली, कारण त्याच्या दाढा कधीच गेल्या होत्या आणि ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

वर्षभराने दुसरा भाग आला. आम्ही पुन्हा पाच जणं. या वेळी थिएटर निम्मं भरलेलं. खलनायक आला, शिट्टी वाजली, अगदी स्वच्छ, सुरात. कवळी ठरल्या वेळी घसरली, त्याने ठरल्यासारखी वर ढकलली आणि ठरल्याप्रमाणे प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला. कोणी हसलं नाही. मागे कोणीतरी खोकलं. चौथ्या शिट्टीला दाजी जरा वाकले आणि आमच्या कानाशी म्हणाले, "आता हा दुधवाल्याला हाक मारतोय असं वाटतं." तेवढं एक वाक्य पुरलं. आमची रांग पुन्हा हसायला लागली, दाजी सगळ्यांत जास्त, स्वतःच्याच बारा दिवसांच्या मेहनतीला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, की पहिली कवळी खरी पडत होती, ही पडायचं नाटक करते. लोकांना हे बरोबर कळतं.

रविवार पुन्हा सुरू झाले. दाजी सुधारले असं कोणी समजू नये. पूर्वी ते फक्त दात बघायचे, आता मिशा आणि विगही बघतात आणि आतली माहिती असल्याच्या थाटात बोलतात.

कवळी टोचते म्हणून नट मध्यंतरी एकदा रविवारीच आला, तेव्हा दाजींनी त्याला बसवून घेतलं. तेवढं मात्र जड गेलं. आम्ही कड्यावरून पडणाऱ्या माणसाला हसलो, तर तो म्हणाला, त्या पडणाऱ्याचा पाय खरंच मोडला होता, आजही लंगडतो. आम्ही नायिकेच्या रडण्याला हसलो, तर म्हणाला, त्या आठवड्यात तिची आई गेली होती. वाईट वाटून घ्यावं असं त्याच्या सांगण्यात काही नव्हतं, सहज सांगत होता. पण त्यानंतर कोटाच्या बाहीवरून इंजेक्शन दिलं गेलं, तेव्हा केमिस्ट उठून चहाचे कप गोळा करायला लागले.

त्याला पुन्हा बोलवायचं की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. दाजी म्हणतात, बोलवा. मास्तर म्हणतात, चांगला माणूस आहे, पण त्याने सिनेमाचा पार विचका केला.